सरहद्दीवरचा शस्त्राभ्यास

आपल्या बासरची ख्याती अक्षराभ्यासाची. वसंतपंचमीला दूरदूरची लेकरे श्रीसरस्वतीच्या चरणी आणली जातात आणि गुरुजी त्यांचा इवलासा हात आपल्या हातात धरून पहिले अक्षर गिरवून घेतात. हाताला वळण लावणे, हा त्या विधीचा व्यवहारातला अर्थ. अशा गावात राहून मी आज बंदुकीवर लिहावयास बसलो आहे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु याच मुलखातील तरुणांच्या एका पिढीने अक्षराभ्यास आटोपून शस्त्राभ्यास केला होता, आणि त्याची आठवण आपल्या जुन्या घरांतून आता वेगाने पुसली जात आहे.

माझ्यापुरती ही आठवण दिवाळीशी जोडलेली आहे. साधारण १९६५-६६ चा सुमार असेल. आम्ही भावंडे टिकल्यांची बंदूक घेऊन ओसरीवर एकमेकांवर ‘बार’ काढीत होतो. आमचे मोठे काका एरवी अतिशय मृदू स्वभावाचे. पण त्या दिवशी त्यांनी झटकन उठून माझे मनगट धरले आणि बंदुकीचे तोंड जमिनीकडे वळविले. “नळी माणसाकडं धरायची नाही, बाबू. खेळण्यातली असली तरी नाही. आणि मारायचं नसेल तोवर चापावर बोट नको,” एवढेच ते म्हणाले. पुढे कित्येक वर्षांनी कळले, की हा पाठ त्यांना उमरखेडच्या कॅम्पवर मिळाला होता.

आजच्या तरुण वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला. तोही नावापुरताच उरला. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या नेतृत्वाखाली रझाकार संघटनेने गावोगाव दहशत बसविली. आपल्या भागाला याची झळ त्याआधीच लागली होती. बिलोलीकडील कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या ऑक्टोबर १९४६ मध्ये अर्जापूरजवळ झाली, ती जखम या परिसरात दीर्घकाळ ओली होती. येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी: त्या काळी मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग आदिलाबादेत आला आणि २०१६ पासून तो निर्मल जिल्ह्यात मोडतो. म्हणजे ज्या लढ्याला आपण ‘मराठवाड्याचा’ म्हणतो, त्यात बासर हे बाहेरचे गाव नव्हते.

स्टेट काँग्रेसचा लढा आरंभी सत्याग्रहाचा होता. झेंडावंदन, जंगल सत्याग्रह, शिंदीची झाडे तोडणे, साराबंदी हे त्याचे मार्ग. स्वामी रामानंद तीर्थ हे हाडाचे शिक्षक. हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांतून त्यांनी मुले घडविली. अशा संन्यासी शिक्षकाच्या अनुयायांच्या हाती बंदूक आली, याचे कारण परिस्थितीत शोधावे लागते. गावे जळू लागली तशी माणसे सरहद्द ओलांडून मध्यप्रांत आणि मुंबई इलाख्यात गेली. तेथेच सरहद्दीवरचे कॅम्प उभे राहिले. सोलापूर, नगर, खानदेश, बुलढाणा, यवतमाळ, चांदा अशी ती साखळी संस्थानाभोवती पसरली होती. चांद्याच्या कॅम्पवर पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे तरुण कार्यकर्ते म्हणून काम करीत होते. आपल्या भागाला जवळचा कॅम्प उमरखेडचा. पैनगंगा ओलांडली की हैदराबादची हद्द संपे आणि उमरखेड लागे.

या कॅम्पवर आलेली मुले कोण होती? कोणी मॅट्रिकला बसणारा, कोणी पटवाऱ्याचा मुलगा, कोणी गुमास्ता, कोणी नांगर सोडून आलेला. बंदूक बहुतेकांनी पाहिली होती ती पाटलाच्या किंवा देशमुखाच्या वाड्यात, भिंतीला टांगलेली. एखाद्याने रानडुकरावर बार टाकला असेल. पण रानडुकरावर मचाणावरून नेम धरणे आणि अंधाऱ्या गल्लीत पाच पावलांवर उभ्या असलेल्या सशस्त्र माणसाला सामोरे जाणे, या दोन निराळ्या विद्या आहेत. कॅम्पवरील शिक्षणाचा खरा प्रश्न हाच होता.

आपल्या मुलखाला शस्त्रे नवी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. निर्मल आणि गोदावरीपलीकडील कोनासमुद्रम येथील पोलाद एकेकाळी इराणपर्यंत जात असे. त्यापासून तलवारींची नामांकित पाती घडत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेन्री व्हॉयसी या इंग्रज वैद्य-भूवैज्ञानिकाने कोनासमुद्रमच्या भट्ट्या पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. १८५७ नंतर रामजी गोंड याने गोंड आणि रोहिल्यांना एकत्र करून याच रानात इंग्रजांशी व निजामाच्या फौजेशी झुंज दिली आणि १८६० च्या सुमारास निर्मल येथे त्याला साथीदारांसह फासावर चढविण्यात आले. परंतु पोलाद घडविण्याची परंपरा आणि शस्त्र चालविण्याची परंपरा या दोन्ही पुढील शंभर वर्षांत लोप पावल्या. १९४७ चा तरुण या दोन्ही बाबतींत कोरा होता.

कॅम्पवर जी शस्त्रे होती ती मुख्यत्वे जुनी. ठासणीची बंदूक, म्हणजे आपल्याकडील ‘भरमार’, ही त्यांतली सर्वांत सुलभ. नळीच्या तोंडातून दारू घालायची, चिंधी ठासायची, छर्रे सोडायचे, पुन्हा ठासायचे, मग टोपी बसवून घोडा ओढायचा. एक बार झाला की दुसऱ्यासाठी निष्णात माणसालाही अर्धा मिनिट लागे, नवख्याला त्याहून अधिक. दमट हवेत दारू सर्द होई. याशिवाय काही बाराबोअरच्या बंदुका, थोड्या रायफली आणि हातबॉम्ब. काडतुसे मोजकी. शिक्षण देणाऱ्यांत सैन्यातून नुकतेच मोकळे झालेले जवान असत. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांपर्यंत गेली होती आणि युद्ध संपताच त्यांतील बहुतेकांना घरी पाठविण्यात आले. बर्मा, इटली, आफ्रिका पाहून आलेली ही मराठी माणसे गावोगाव होती. त्यांचे ज्ञान कॅम्पच्या कामी आले.

काका सांगत, की पहिले कित्येक दिवस त्यांना बंदूक दिलीच नाही. बांबू दिला. तो खांद्याला लावून बसणे, गुडघ्यावर टेकणे, दारातून आत शिरणे, सोबत्याच्या पाठीमागून चालताना नळी कोठे ठेवावी, हे सारे बांबूवर. चुकून जरी बांबूचे टोक सोबत्याकडे वळले तरी मैदानाला फेरी मारावी लागे. “गोळी नव्हती म्हणून बांबू दिला असं आम्हाला वाटायचं. पण नंतर कळलं, हाताला आधी वळण लागतं, मग गोळी,” असे ते म्हणत. बासरच्या माणसाच्या तोंडी हे वाक्य किती स्वाभाविक होते!

जवळून होणारी ही झुंज, जिला आपल्या भाषेत ‘हातघाई’ असा नेमका शब्द आहे, तिचे शास्त्र जगात त्याच सुमारास आकार घेत होते. चीनमधील शांघाय शहरात विल्यम फेअरबेर्न हा इंग्रज पोलीस अधिकारी १९०७ पासून नोकरीत होता. तेथील गल्ल्यांतून होणाऱ्या चकमकींचा अभ्यास करून तो अशा निष्कर्षाला आला, की बहुतेक गोळीबार काही फुटांच्या अंतरावर, अपुऱ्या उजेडात आणि क्षणार्धात होतात. तेथे मैदानावरील निशाणबाजीचा उपयोग अल्प. म्हणून त्याने मुद्दाम घरासारखी रचना उभारून, जिने, दरवाजे आणि अंधार यांत शिपायांना सराव दिला. त्याने एरिक साइक्ससमवेत लिहिलेले पुस्तक १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना स्कॉटलंडमध्ये हेच शिक्षण देण्यात आले. उमरखेडच्या मुलांनी फेअरबेर्नचे नावही ऐकले नसणार. पण गरज सारखी असली की विद्याही सारखी वळणे घेते. बांबू घेऊन पडक्या वाड्यात आत-बाहेर करणारी ती मुले तोच धडा गिरवीत होती.

या धड्याचा गाभा शौर्याचा नव्हे, संयमाचा आहे. बंद खोलीत बार झाला की धुराने दिसेनासे होते आणि कानठळ्या बसतात. अशा वेळी सोबती कोठे आहे हे आधी ठाऊक नसेल, तर दुसरी गोळी त्यालाच लागायची. भिंतीआड निरपराध माणूस असू शकतो. आणि ठासणीच्या बंदुकीचा एकच बार हाती असेल, तर तो न उडविता काम साधणे यातच खरी हुशारी. म्हणून कोणी आत जायचे, कोणी बाहेर पहाऱ्यावर राहायचे, कोणाच्या खुणेवाचून चाप ओढायचा नाही, माघार कोणत्या वाटेने घ्यायची, हे आधी ठरलेले असे. बंदूक चालविण्यापेक्षा न चालविण्याचे शिक्षण अधिक कठीण, असे जाणते लोक सांगत.

करोडगिरीचे नाके आणि पोलीस चौक्या यांच्यावरील हल्ल्यांतून हा अभ्यास कसाला लागला. पण त्याची मोठी परीक्षा झाली ती आपल्याच शेजारी, उमरीला.

बासरहून नांदेडकडे जाणाऱ्या गाडीत बसलो की धर्माबाद, करखेली आणि मग उमरी. कापसाच्या व्यापाराची ही पेठ. तेथे हैदराबाद स्टेट बँकेची शाखा होती आणि हंगामात तिच्यात मोठी रोकड असे. ३० जानेवारी १९४८ रोजी कॅम्पच्या स्वयंसेवकांनी या बँकेवर धाड घातली आणि वीस लाखांहून अधिक रक्कम ताब्यात घेऊन ती सरहद्दीपलीकडे नेली. धनजी पुरोहित, साहेबराव बारडकर, नागनाथ परांजपे ही नावे या धाडीच्या संदर्भात आजही आदराने घेतली जातात. त्या दिवसांतील वीस लाख म्हणजे केवढी रक्कम, हे ज्यांच्या घरी तेव्हाच्या साराभरणीच्या पावत्या असतील त्यांनी काढून पाहावे. रुपया-आण्यांत मोजणारा तो काळ होता.

भर पेठेतली बँक, सभोवार दाट वस्ती, जवळ रेल्वेस्थानक आणि रझाकारांचा वावर: हातघाईच्या कामाला याहून अवघड जागा क्वचितच असेल. येथे नेमबाजी उपयोगाची नव्हती; ठरल्या जागी ठरल्या वेळी उभे राहणे उपयोगाचे होते. बांबूवरचे शिक्षण येथे फळास आले.

काका या धाडीत नव्हते. ते कॅम्पवर पहाऱ्याला होते. पण त्यांच्या सांगण्यात धाडीपेक्षा तिच्यानंतरच्या हिशेबाची गोष्ट अधिक येई. लढ्याच्या पैशाला कोणी हात लावू नये, पैपैची नोंद व्हावी, हा तेथील दंडक होता. स्वतः अर्धपोटी असलेली मुले नोटांच्या थैल्यांवर पहारा देत होती. दरोडा आणि स्वातंत्र्याची लढाई यांतील भेद बंदुकीच्या जातीवर ठरत नाही. तो हिशेबाच्या वहीवर ठरतो, हे मला महसूल खात्यात चाकरी केल्यावर अधिक उमगले.

मात्र हा दिवस निर्भेळ आनंदाचा उरला नाही. त्याच दिवशी, ३० जानेवारीला सायंकाळी, दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी नथुराम गोडसे मराठी होता. त्यानेही पिस्तूल जवळून, अगदी हातभर अंतरावरून चालविले. तीन गोळ्या झाडल्या. कॅम्पवर बातमी पोहोचली तेव्हा मुले ढसाढसा रडली, असे काका सांगत. ज्या महात्म्याचे नाव घेऊन ती घराबाहेर पडली होती, त्याच्या मृत्यूच्या दिवशी त्यांच्याच हाती बंदुका होत्या. “आमच्या हातातली आणि त्याच्या हातातली, दोन्ही बंदुकाच. फरक काय, असं मनात आलं. रात्रभर कोणी बोललं नाही,” हे त्यांचे शब्द मी विसरू शकत नाही.

फरक काय, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही टाळू नये. सरावलेला हात म्हणजे सद्‌बुद्धी नव्हे. गोडसेचा हात चुकला नाही. चूक त्याहून खोल होती. कोणालाही उत्तरदायी न राहता, नि:शस्त्र वृद्धावर उचललेले शस्त्र आणि जळत्या गावांच्या रक्षणासाठी, संघटनेच्या शिस्तीत, हिशेब देण्याच्या बोलीने उचललेले शस्त्र यांना एका मापाने मोजता येणार नाही. पण दुसऱ्यालाही डाग लागूच शकत नाही, असे मानणे हा भाबडेपणा होईल. आपल्या मुलखाचा पुढील इतिहास तेच सांगतो.

१९४८ चा उन्हाळा आणि पावसाळा फार वाईट गेला. कंधार तालुक्यातील कल्हाळीच्या गढीत आप्पासाहेब नाईक आणि त्यांच्या सोबत्यांनी रझाकारांशी निकराची झुंज देत प्राण अर्पिले. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक विमानांतून कराचीमार्गे निजामासाठी शस्त्रे आणीत होता. ऑगस्टमध्ये ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांची हैदराबादेत हत्या झाली. ते मुसलमान होते आणि भारतात विलीन व्हावे असे लिहीत होते, हे मुद्दाम नोंदवितो. अखेर १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. आपण हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो आणि तो पाळलाच पाहिजे.

पण त्यानंतरच्या काही आठवड्यांविषयी आपल्या घरांतून सहसा कोणी बोलत नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने वर्षअखेर संस्थानात फिरून सरकारला अहवाल दिला. तो कित्येक दशके दप्तरात बंद राहिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळले, असे त्यात म्हटले आहे आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आहे. मृत बहुतांशी मुसलमान. त्यांतील असंख्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. नांदेड जिल्हा म्हणजे तेव्हाचे आपणच. हे करणाऱ्यांच्या हाती काय होते? कुऱ्हाडी, भाले आणि त्याच भरमार बंदुका. मात्र तेथे फेरी मारावयास लावणारा शिक्षक नव्हता, खूण करणारा म्होरक्या नव्हता आणि हिशेबाची वहीही नव्हती.

काका सप्टेंबरअखेर घरी परतले. गावाबाहेरच्या एका मुसलमान विणकराच्या कुटुंबाला आमच्या आजोबांनी परसातल्या कडब्याच्या कोठीत लपविले होते. जमाव दारी आला तेव्हा काका बंदूक घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. नळी जमिनीकडे होती. त्यांनी ती वर उचलली नाही, बार काढला नाही. ते नुसते उभे राहिले आणि जमाव निघून गेला. ही हकीकत त्यांनी स्वतः कधी सांगितली नाही, आजीकडून कळली. बंदूक त्यांनी पुढे सरकारजमा केली आणि पावती घेतली. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी मात्र अर्ज केला नाही. “उंबऱ्यात उभं राहायचं कोणी पैसे देतं का,” एवढेच ते म्हणत.

मी १९८० च्या दशकात महसूल खात्यात रुजू झालो. शस्त्रपरवान्यांची नोंदवही काही काळ माझ्या टेबलावर होती. प्रत्येक निवडणुकीपूर्वी परवानाधारकांची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा होत, तेव्हा जुन्या वाड्यांतल्या ठासणीच्या बंदुका गोणपाटात गुंडाळून येत. त्या कशा धराव्यात हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसे. एकदा एका खेड्यातून आलेल्या गृहस्थाने बंदूक टेबलावर ठेवली, तिची नळी थेट आमच्या शिपायाकडे. मी नकळत ती भिंतीकडे वळविली. नंतर तपासता ती भरलेली निघाली. कित्येक वर्षांपूर्वी भरलेला बार कोणी काढलाच नव्हता. त्या दिवशी मला काकांचा हात माझ्या मनगटावर जाणवला.

१९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना देताना माणसाची चौकशी होई, त्याच्या गरजेची चौकशी होई. पण त्याच्या हाताला वळण आहे की नाही, हे विचारण्याची पद्धत सार्वत्रिक नव्हती. २०१६ च्या नव्या शस्त्र नियमांनी अर्जदारासाठी शस्त्र व दारूगोळा सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाची तरतूद केली. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाने तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगावीत असे ठरविले. उमरखेडच्या कॅम्पवर जे सूत्र बांबूवर शिकविले गेले, ते कायद्याच्या पुस्तकात यावयास जवळपास सत्तर वर्षे लागली.

आपल्या जुन्या घरांतून अशा पावत्या, छायाचित्रे, कॅम्पवरची पत्रे अजून असतील. माळ्यावरची ट्रंक विकण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावी, अशी या निमित्ताने वाचकांना विनंती आहे. त्यांत शौर्याच्या कथा सापडतील, तशा न सांगितलेल्या गोष्टीही सापडतील. दोन्ही जपून ठेवाव्यात. एकीवाचून दुसरी अपुरी आहे.

गेल्या वसंतपंचमीला नातीला अक्षराभ्यासाला नेले होते. रांगेत आमच्या पुढे एक तेलुगू कुटुंब होते, मागे नांदेडकडचे. गुरुजींनी नातीचा हात धरला आणि तांदळावर अक्षर उमटले. घरी आल्यावर तिने नातवाची प्लास्टिकची बंदूक उचलून माझ्यावर रोखली. मी तिचे मनगट हलकेच धरून नळी खाली वळविली आणि जे मला सांगितले गेले होते तेच तिला सांगितले.